पडद्यामागची खुर्ची

लंडनमध्ये एका पबच्या वरच्या मजल्यावर चिमुकलं थिएटर आहे. तिथे आम्ही नॉर्वेजियन नाटककार इब्सेनचं ‘घोस्ट्स’ बसवतोय आणि आज पहिल्या अंकाचा शेवट जमला!

शेजारच्या खोलीत खुर्ची पडते, पाठोपाठ घरातल्या मोलकरणीचं, रेजिनाचं, दबक्या आवाजातलं ‘सोड मला’. घरच्या मालकीणबाईंना, मिसेस आल्व्हिंगला, कळून चुकतं, नवऱ्याने एका मोलकरणीशी जे केलं तेच आता मुलगा करतोय. आमच्याकडे ती ‘शेजारची खोली’ म्हणजे एक काळा पडदा, पहिल्या रांगेपासून हातभर अंतरावर. आज रेजिना खरंच कुजबुजली आणि आमच्या आल्व्हिंगबाईंनी नुसती टेबलाची कड घट्ट धरली. बस्स, तेवढंच. अंगावर काटा आला. मोठ्या नाट्यगृहात हे शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं तर आवाज चढवावाच लागतो.

१८८१ चं हे नाटक. १८९१ मध्ये लंडनला झालं तेव्हा सेन्सॉरच्या कचाट्यातून सुटायला फक्त सभासदांसाठी खाजगी प्रयोग ठेवावा लागला होता. तरी वर्तमानपत्रांनी शिव्यांची लाखोली वाहिलीच. छोट्या नाट्यसंस्थेतल्या नाटकवाल्यांनी ते तेव्हा धरून ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लंडनकर मंडळी, नक्की या. आणि पुढे बसा!