तेविसावं नाणं

गेल्या महिन्यात एका गुरुवारी दुपारी माझ्या यादीतल्या शेवटच्या राहिलेल्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. यादी १९८३ सालची आहे, बँकेच्या जुन्या लेजरमधल्या कोऱ्या पानावर निळ्या शाईने लिहिलेली. एकूण २३ स्मारक नाणी, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या, प्रसंगाच्या किंवा विषयाच्या निमित्ताने सरकारने काढलेली. पहिलं १९६४ चं, शेवटचं १९८१ चं. बावीस खुणा २००४ पर्यंत झाल्या होत्या, तेविसावी करायला आणखी वीस वर्षं गेली.

मी कऱ्हाडला एका राष्ट्रीयीकृत बँकेत कॅशियर होते. १९८१ ला लागले, २०१९ ला निवृत्त झाले. मधली बरीच वर्षं काउंटरच्या आत, नोटांच्या गड्ड्या आणि चिल्लरच्या थैल्या यांच्यात गेली. पालीच्या खंडोबाची यात्रा झाली की व्यापारी जी चिल्लर भरायला आणत, ती भंडाऱ्याने इतकी पिवळी असायची की संध्याकाळी हात धुतले तरी नखं तशीच राहत. ती नाणी मोजायला कुणी पुढे यायचं नाही. मी मात्र स्वतःहून मागून घ्यायची.

हे वेड लावलं आमच्या हेड कॅशियर साहेबांनी. १९८२ च्या शेवटी दिल्लीच्या एशियाडचं दोन रुपयांचं नाणं शाखेत आलं. दोन रुपयांचं नाणं तोवर आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं. सगळे एकमेकांच्या हातातून घेऊन बघत होते. साहेब म्हणाले, "अहो मॅडम, अशी स्मारक नाणी काही पहिल्यांदा आलेली नाहीत. तुमच्या ड्रॉवरमध्येच पडली असतील, बघा जरा." दहा पैशांचा ढीग उपसला आणि दुसऱ्याच मिनिटाला सापडलं: नागमोडी कडेचं ॲल्युमिनियमचं नाणं, साल १९७४, आणि त्यावर आईबाप आणि दोन मुलं. नियोजित कुटुंब, सर्वांना अन्न. वर्षभर मी ते नाणं रोज मोजत होते आणि एकदाही पाहिलं नव्हतं. ते मला फार लागलं.

तिथून यादी झाली. तीन गोष्टी तेव्हाच ठरवल्या. नाणं पैसे देऊन घ्यायचं नाही. कॅशमधून एखादं उचललं तर तेवढ्याच किमतीचं दुसरं त्याच क्षणी आत टाकायचं, म्हणजे कॅश एका पैशानेही हलायची नाही. आणि नाणं चलनात फिरलेलं हवं. टांकसाळीतून मखमली डबीत येणारे, खास जमवणाऱ्यांसाठी पाडलेले प्रूफ संच मी प्रदर्शनांत पाहिलेत, सुंदर असतात. चांदीची दहा, वीस आणि पन्नास रुपयांची नाणीही पाहिली. पण मला हवी होती ती भाजीवालीच्या कनवटीतून, कंडक्टरच्या कातडी पिशवीतून, देवापुढच्या ताटातून आलेली. सरकार ज्यांच्याशी त्या नाण्यांवरून बोलत होतं, ती हीच माणसं. एशियाडनंतर अशी नाणी फार निघू लागली, म्हणून मी बँकेत लागले त्या सालापाशी रेघ मारली.

सुरुवात नेहरूंपासून. पंडितजी मे १९६४ मध्ये गेले आणि त्याच वर्षी त्यांची नाणी आली. स्वतंत्र भारताची ही पहिली स्मारक नाणी. पन्नास पैशांत दोन प्रकार आहेत, एकावर नाव इंग्रजीत आणि दुसऱ्यावर देवनागरीत. इंग्रजी लवकर मिळालं, देवनागरीसाठी सहा वर्षं थांबले. ही नाणी शुद्ध निकेलची. भावाच्या बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक माझ्याकडे होतं, त्याला ती टपकन चिकटतात. १९७२ चं स्वातंत्र्याच्या पंचविशीचं पन्नास पैशांचं नाणं मात्र चिकटत नाही, कारण तोवर तांबं आणि निकेलचा मिश्रधातू आला होता. दिसायला दोन्ही सारखीच पांढरी, पण दोन नाणी टेबलावर टाकली तरी आवाजातला फरक मला अजून कळतो. मुंबईत पाडलेल्या नाण्यावर सालाखाली शंकरपाळ्यासारखी बारीक खूण असते, हैदराबादच्या नाण्यावर चांदणी, आणि कलकत्त्याच्या नाण्यावर काहीच नाही. खुणेप्रमाणे वेगवेगळी जमवायच्या फंदात मी पडले नाही, पण नाणं हातात आलं की आधी सालाखाली बघायची सवय लागली ती लागलीच.

गांधीजींच्या शताब्दीची तीन नाणी १९६९ ची. त्यातलं वीस पैशांचं पिवळंधमक. त्यात सोनं आहे अशी आमच्या भागात बोलवा होती, आणि लोकांनी ती खरोखरच दडवून ठेवली होती. खरं तर ते तांब्यात ॲल्युमिनियम मिसळलेलं. मला मिळालेलं काळवंडलेलं होतं. मी ते चिंचेने घासलं. एका मिनिटात लखलखीत झालं आणि आठवड्याभरात त्यावर लालसर डाग उठले, ते आजही आहेत. तेव्हापासून एकाही नाण्याला मी काही लावलेलं नाही. वाचणाऱ्यांत कुणी नुकतं जमवायला लागलं असेल तर एवढंच कळकळीने सांगते: घासू नका. आणि मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून हिरवट चिकटा सुटतो. माझं १९७२ चं नाणं असंच खराब झालं, दुसरं शोधावं लागलं.

१९७० सालचं वीस पैशांचं नाणं सासूबाईंकडे मिळालं. कमळाचं वीस पैशांचं नाणं अनेकांच्या देव्हाऱ्यात असायचं, आमच्याकडेही लक्ष्मीपूजनाच्या ताटात एक होतं. एका दिवाळीला मी ते जवळून पाहिलं तर कमळाच्या वर सूर्य! म्हणजे हे नेहमीचं नव्हे, 'सर्वांसाठी अन्न'वालं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९६८ पासून देशोदेशी अशी नाणी काढायला लावली होती, त्यातलं हे आपलं. मी भीत भीत सासूबाईंना विचारलं, दुसरं कमळाचं दिलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, "कमळ आहे ना त्याच्यावर? मग लक्ष्मीला काय." पूजा झाल्यावर अदलाबदल केली.

आता १९७३. पन्नास पैसे, वर लिहिलंय 'ग्रो मोअर फूड'. अन्न जास्त पिकवा.

माझं माहेर माण तालुक्यातलं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना माण म्हटल्यावर पुढचं सांगावं लागत नाही. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. विहिरीला तळ दिसत होता आणि तळाला भेगा. आई आणि थोरली काकू दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची, परदेशातून आलेली. तिची भाकरी थापताना चिरायची आणि गार झाली की तुटायची नाही. कामावर सुकडी मिळायची, ती आई पदरात बांधून आम्हा धाकट्यांसाठी घरी आणायची. स्वतः खाल्ली की नाही ते आम्ही कधी विचारलं नाही. इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट ही आहे.

त्याच काळात मुंबईच्या फोर्टातल्या टांकसाळीत हे नाणं पडत होतं. अन्न जास्त पिकवा. कशावर पिकवायचं, पाणी कुठलं, हे नाणं सांगू शकत नव्हतं. पण मला त्याचा राग येत नाही. उलट ते हातात घेतलं की वाटतं, कुणीतरी कुठेतरी त्याच काळजीत होतं. हे नाणं मला १९८६ मध्ये बाजारच्या दिवशी एका मेंढपाळ आजोबांनी भरलेल्या पैशांत मिळालं. बाकीच्यांपेक्षा जास्त झिजलेलं, अक्षरं बोटाला लागतात आणि डोळ्यांना जेमतेम दिसतात. पुढे याहून चांगलं तीनदा हाती आलं, तिन्ही वेळा मी ते परत ड्रॉवरमध्ये टाकलं. आई वारली त्या वर्षी हे एक नाणं दोन महिने माझ्या पर्समध्येच होतं.

पुढची भराभर मिळाली. १९७५ चं महिला वर्षाचं, १९७६ चं अन्न आणि काम, १९७८ चं अन्न आणि निवारा, १९७९ चं बालवर्षाचं, १९८० चं ग्रामीण स्त्रियांचं, १९८१ चं जागतिक अन्न दिनाचं. एका ओळीत मांडली की त्या वीसेक वर्षांत या देशाला कशाची कमी होती ते कळतं.

राहिलं होतं १९७७ चं पाच पैशांचं. विषय बचत. 'सेव्ह फॉर डेव्हलपमेंट'. त्याच विषयाचं दहा पैशांचं माझ्याकडे होतं. पाच पैशांचं चौकोनी, दीड ग्रॅमचं, इतकं हलकं की फुंकरीने सरकावं. पोरांच्या गोळ्यांत गेली, कुणी भोक पाडून खिळ्याखाली वॉशर म्हणून घातली, बरीच भंगारात वितळली. हजारो पाहिली असतील, पण १९७७ चं ते एक सोडून सगळी. मग ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. आमच्या शाखेत चिल्लरचा डेपो होता, शेवटच्या दिवसांत लोक पिशव्या घेऊन रांगेत उभे होते. मी प्रत्येक पिशवी स्वतः ओतून घेतली. सहकारी घरी गेल्यावरही बसत होते. मिळालं नाही. त्यानंतर ते बाजारातून फिरत माझ्याकडे येण्याची वाटच बंद झाली. प्रदर्शनांत चाळीस-पन्नास रुपयांना मांडलेलं असायचं. दोनदा हात पुढे केला आणि मागे घेतला. मुलगी म्हणाली, "आई, कुणाला कळणारे?" कुणाला कळणार नव्हतं हे खरं.

त्या गुरुवारी गल्लीतल्या वाण्याच्या दुकानात साखर आणायला गेले. शेठ गेल्यापासून नातू बघतो. रंगकाम चालू होतं आणि त्याने माळ्यावरून आजोबांचा पितळी तराजू खाली काढला होता. दुकानात टांगायचा म्हणून पुसायला घेतला होता, पारडी पालथी पडली होती. एका पारड्याखाली तेलाने काळी झालेली कापडी पुरचुंडी सुतळीने बांधलेली.

"काकू, हे काय असतं हो?"

"पासंग रे बाळा. रिकाम्या पारड्यांचा काटा मध्ये यावा म्हणून हलक्या बाजूला बांधतात."

त्याने पुरचुंडी सोडली. आत एक खडा आणि एकमेकांना चिकटलेली पाच पैशांची तीन नाणी. चौकोनी कोपरे दिसले आणि माझा हात आपोआप गेला. पहिलं १९६८. दुसरं १९७१. तिसरं उजेडात तिरकं धरलं. सात आणि सात. याच काट्यावर मी तीस-पस्तीस वर्षं तूरडाळ आणि गूळ मोजून घेतला होता, आणि ते सगळा वेळ पारड्याखाली होतं.

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, घ्या की, त्यात काय. मी म्हटलं, असं नाही घ्यायचं मला, थांब. घरी जाऊन डब्यातलं साधं पाच पैशांचं नाणं आणलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. त्याला आधी हसू आलं, मग माझ्या तोंडाकडे बघून तो गप्प झाला. त्याने खडा, दोन जुनी आणि माझं एक अशी पुरचुंडी पुन्हा बांधली, तराजू दोरीने आढ्याच्या हुकाला अडकवला. पारडी जरा वेळ डुलली. आम्ही दोघं काट्याकडे बघत उभे राहिलो. तो हळूहळू मध्ये आला आणि थांबला.