तो वास खरा होता का?

वाइनच्या दुकानात दिवसभर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच काय ते सांगा.’ मी काही विचारायच्या आधी, दारातच लोक ते बोलून मोकळे होतात. चांगली शिकलेली, आपापल्या कामात मुरलेली माणसं असतात. पण बाटल्यांच्या रांगेसमोर उभं राहिलं की आवाज खाली जातो. मी या धंद्यात बरीच वर्षं आहे आणि हे वाक्य मला अजूनही खटकतं. गेल्या महिन्यात त्या वाक्याची खरी किंमत काय असते ते दिसलं, म्हणून लिहिते आहे.

शनिवारी संध्याकाळी, गर्दीच्या वेळेला, एक बाई आल्या. घरी पहिल्यांदाच वाइनचं जेवण ठेवलं होतं. एकूण सातजण, त्यातले दोघं न पिणारे. घरगुती बेत, थाटमाट काही नाही. पण नवऱ्याचे वरिष्ठ येणार होते आणि ‘त्यांना वाइनमधलं खूप कळतं’ हे बाईंनी बोलता बोलता तीनदा सांगितलं. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला फोटो होता : काबर्ने सोव्हिन्याँ, एक भारदस्त रेड वाइन, साडेचौदा टक्के अल्कोहोल. मी पोचेपर्यंत आमच्या एका सहकाऱ्याने तीच बाटली काढून काउंटरवर ठेवलीही होती. फोटो दाखवला की बाटली द्यायची, ही त्याची पद्धत. विक्री झटपट होते, गिऱ्हाईकही खूश दिसतं. पण त्या टेबलावर काय वाढलं जाणार आहे हे त्याने विचारलं नव्हतं, आणि हे मला मुळीच पटत नाही.

मी ‘रेड की व्हाइट’ असं आधी कधीच विचारत नाही. नवख्या माणसाला तो प्रश्न परीक्षेचा वाटतो. जेवायला काय आहे, तिखट किती, बसणार किती वेळ, गार करायला फ्रिजमध्ये जागा आहे का, हे विचारते. या प्रश्नांची उत्तरं ज्याच्या घरी जेवण आहे त्यालाच माहीत असतात. बाईंनी भराभर सांगितलं : सुरुवातीला तळलेले पदार्थ, मग लिंबू पिळलेलं सॅलड, मग सणसणीत तिखट भाजलेली कोंबडी. एक पाहुणे शाकाहारी, अंडंही न खाणारे, पण वाइन घेणारे.

या जेवणाला ती काबर्ने म्हणजे घरच्यांच्या आणि पाहुण्यांच्या जिभेला शिक्षा. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि अल्कोहोल, दोन्ही तोंडातल्या एकाच उष्णता-संवेदकाला चेतवतात. त्यामुळे साडेचौदा टक्क्यांची वाइन तिखटावर प्यायली की आग विझत नाही, वाढते. शिवाय काबर्नेतलं टॅनिन, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येणारा तो तुरटपणा, तिखटासोबत आणखी कोरडा आणि कडू लागतो. वाइन चांगली असते, जेवणही चांगलं असतं, पण एकत्र आल्यावर दोन्ही वाईट लागतात आणि बिचारा यजमान समजतो की आपली निवड चुकली किंवा आपला स्वयंपाक बिघडला.

मी तीन प्रकार काढले. तळलेल्याबरोबर बुडबुड्यांची, म्हणजे स्पार्कलिंग, ब्रूट, म्हणजे ‘कोरडी’, गोड न लागणारी. आंबटपणा आणि वायू मिळून तेलकट तोंड साफ करतात. इथे लेबलांबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेली बाटली ‘ब्रूट’पेक्षा गोड असते! ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17 ग्रॅम. जास्त कोरडी समजून घ्यावी आणि गोड निघावी. नवख्याने हे कुठून ओळखायचं? ही नावं देणाऱ्यांनी पिणाऱ्याचा विचारच केलेला नाही, आणि पुढे ‘मला कळत नाही’ असं म्हणायची पाळी मात्र पिणाऱ्यावर येते.

तिखट कोंबडीला जर्मनीतल्या मोझेल भागातली काबिनेट रीसलिंग, एक हलकी व्हाइट वाइन. थोडी गोडी, भरपूर आंबटपणा, अल्कोहोल कमी. बाईंना बाटलीच्या मागचा आकडा दाखवला : साडेआठ टक्के. द्राक्षातली साखर आंबून अल्कोहोल होतं. आकडा इतका खाली असेल तर बरीचशी साखर न आंबता उरली आहे असं समजावं. लेबलावर ‘गोड’ असा शब्द कुठेही नसला तरी हा आकडा सांगून जातो. बाईंनी लगेच शेजारच्या दोन बाटल्या उलटून आकडे पाहिले, एक साडेबाराची निघाली, ‘म्हणजे ही कोरडी?’ बरोबर होतं. ज्यांना यातलं काही कळत नव्हतं त्यांना एवढं समजायला एक मिनिटही लागलं नाही.

रेड हवीच होती, वरिष्ठांसाठी. म्हणून फ्रान्समधल्या बोजोले भागातली गामे दिली. टॅनिन कमी, फळांचा सुवास, आणि थोडी गार करून पिता येते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून 13-14 अंशांवर आणली की तिखटासमोर छान टिकते. ‘रेड गार चालते?’ असं सगळेच विचारतात. ही चालते. शाकाहारी पाहुण्यांसाठी तिन्ही बाटल्यांवर वीगनचा उल्लेख आहे ना ते तपासलं. वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन, माशाच्या फुग्यापासून केलेला आयसिंग्लास असं काहीबाही वापरलं जातं. ते नंतर गाळून काढतात खरं, पण ज्याला चालत नाही त्याला आधी कळलं पाहिजे.

हिशेब असा : 750 मिलीच्या बाटलीत 150 मिलीचे पाच ग्लास. पिणारे पाच, निवांत जेवण, माणशी तीन ग्लास धरले तर तीन बाटल्या, आणि एक रीसलिंग जास्तीची, कारण तिखटावर तीच संपणार. न पिणाऱ्या दोघांसाठीही काहीतरी गार, चांगल्या ग्लासातून द्या म्हटलं. स्पार्कलिंगसाठी निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ, वीस मिनिटं. उघडताना बूच घट्ट धरायचं आणि बाटली फिरवायची. आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट असू शकतो, पण हात न सोडता उघडली तर नुसती फुस्स होते. बाई सगळं लिहून घेऊन गेल्या.

सोमवारी सकाळी त्या परत आल्या. पिशवीत गामेची बाटली, निम्म्याहून जास्त भरलेली, बूच परत लावलेलं. म्हणाल्या, ‘पैसे परत नकोत. फक्त एक सांगा. मला जो वास आला तो खरा होता का?’

झालं होतं असं. स्पार्कलिंग आणि रीसलिंग उत्तम गेल्या, दुसरी रीसलिंगही संपली. मग गामे उघडली. बाईंनी ग्लास नाकाशी नेला तर कुबट वास, पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. त्या काही बोलल्या नाहीत. वरिष्ठांनी ग्लास फिरवला, लेबल पाहिलं आणि सांगितलं, हा मातीचा गंध आहे, फ्रेंच वाइनची हीच तर खासियत. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनीही. प्रत्येकाने थोडी थोडी घेतली आणि ग्लास तसेच राहिले.

मी ग्लासात ओतली आणि वास घेतला. शंकाच नको. कॉर्क्ड, म्हणजे बुचामुळे बिघडलेली. आमच्या धंद्यात याला टीसीए म्हणतात, ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल. बुचातली बुरशी क्लोरीनयुक्त संयुगांपासून हे रसायन बनवते. या दोषामागे हेच रसायन आहे हे 1981 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ओळखलं गेलं. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम पुरतात. प्रकृतीला अपाय नाही, पण फळांचा सगळा सुवास मरतो. 2013 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की टीसीए नाकातल्या गंधपेशींचे संकेतच दाबून टाकतं. म्हणून सौम्य दोष असलेली वाइन कुबट न वाटता नुसतीच मुकी वाटते. त्यात नाक या वासाला लवकर सरावतं, म्हणून पहिला श्वास सगळ्यात मोलाचा. आणि माणसामाणसात फरक इतका की एकाला खोलीभर जाणवतं, दुसऱ्याला अजिबात नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीतल्या रीसलिंगवाल्यांनी 2000 मध्ये मिळून बूच सोडून स्क्रू कॅप लावली, त्यामागे हाच वैताग होता.

म्हणजे त्या टेबलावर सगळ्यात नेमकं नाक होतं ते ‘काही न कळणाऱ्या’ बाईंचं. वरिष्ठ खोटं बोलले असं मला वाटत नाही. कदाचित त्यांना टीसीए जाणवत नसेल, कदाचित लेबल वाचल्यावर नाकाने डोळ्यांचं ऐकलं असेल. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेला बोर्दोचा एक प्रयोग आहे : व्हाइट वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळला आणि वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्यांचं असं होतं. बाईंच्या डोक्यात कुठलेच शब्द भरलेले नव्हते, म्हणून त्यांना पुठ्ठ्याचा वास पुठ्ठ्यासारखाच आला.

बाटली बदलून देताना आमच्या व्यवस्थापकांनी खळखळ केली. उघडलेली, थोडी प्यायलेली, दोन दिवसांनी आणलेली, असं कसं चालेल. चालायलाच हवं! दोष बुचात होता, गिऱ्हाइकाच्या हातून काही झालेलं नव्हतं, आणि पुरवठादारही अशा बाटलीची भरपाई देतात. मी त्यांना ग्लास दिला. त्यांनी वास घेतला आणि मुकाट्याने सही केली. आम्ही स्वतःच हे लोकांना सांगत नाही की बाटलीला दोष असू शकतो आणि ती परत करता येते. वाइनला लोक घाबरतात अशी तक्रार मात्र करतो.

बाईंना सांगितलं, हो, वास खरा होता. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मग विचारलं, ‘मग त्यांना सांगू का?’

याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. टेबलावर, त्या क्षणी, ‘मला वास बरोबर वाटत नाही, दुसरी उघडू या’ एवढं म्हणणं हा यजमानाचा हक्क आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. पण दोन दिवसांनी, नवऱ्याच्या वरिष्ठांना? मी म्हटलं, सांगू नका, पुढच्या वेळी बाटली आधी स्वयंपाकघरात उघडून स्वतः हुंगा. सल्ला व्यवहाराचा होता, पण ज्या बाईंचं नाक बरोबर निघालं त्यांनाच मी गप्प राहायला सांगितलं, हे मनातून जात नाही.

त्यांनी बदली म्हणून दुसरं काही घेतलं नाही. तीच गामे मागितली, त्याच उत्पादकाची, तेच लेबल. वरिष्ठांना पुढच्या महिन्यात पुन्हा जेवायला बोलावलं आहे, म्हणाल्या, आणि ग्लास त्यांच्या हातात द्यायच्या आधी ‘मागची बिघडलेली होती, ही चाखून बघा’ असं सांगणार आहेत.