आरपार

न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी गेली अकरा वर्षं किशोरवयीन मुलांचा विभाग सांभाळते. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी दोन वाजता आमचा कॉमिक्स-वाचनाचा गट बसतो. तेरा ते अठरा वयाची दहा-बारा मुलं, एक लांब टेबल आणि एकच नियम: पान उलटायची घाई करायची नाही. कुठली चौकट मोठी, कुठली चिंचोळी, बोलण्याचे फुगे कुठे आहेत, कोण कुणाकडे बघतंय, दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय घडून गेलं असेल, हे बघत थांबायचं. माझे आजोबा ज्ञानेश्वरी अशीच वाचायचे. एका ओवीवर संध्याकाळ घालवायचे. ती सवय माझ्यात उतरली आणि सुपरहीरोंच्या कॉमिक्सना लागली, याचं मला कधीच वावगं वाटलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतला हा शनिवार. ज्या मुलीबद्दल लिहितेय तिला विचारूनच लिहितेय, आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या दिवशी वाचायला घेतला होता मार्व्हलच्या ‘मरॉडर्स’ मालिकेचा पहिला अंक. ऑक्टोबर २०१९ चा. लेखक गेरी डगन, चित्रकार मात्तेओ लोली. मागची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. त्याच वर्षी जोनाथन हिकमन या लेखकाने एक्स-मेनचं सगळं जगच नव्याने मांडलं. जगभरच्या म्युटंटांना, म्हणजे जन्मतःच काही खास शक्ती असलेल्या माणसांना, क्राकोआ नावाच्या एका जिवंत बेटावर स्वतःचा देश मिळतो. त्या बेटाच्या वेलीफुलांची गेटं ठिकठिकाणी उगवलेली आहेत; म्युटंट गेटमधून पाऊल टाकतो आणि थेट बेटावर पोचतो. बेटावर तयार होणारी तीन औषधं ते जगाला देऊ करतात: एक माणसाचं आयुष्य पाच वर्षांनी वाढवणारं, एक प्रतिजैविक, एक मनाच्या आजारांवरचं. बदल्यात आम्हाला देश म्हणून मान्यता द्या, एवढंच मागणं. काही देश देतात, काही देत नाहीत. न देणाऱ्यांपैकी रशिया एक. तिथल्या गेटसमोर सैनिक उभे आहेत आणि म्युटंटांना गेटपर्यंत पोचूच देत नाहीत.

आणि मग केट प्राइड. वाचकांची जुनी किटी. १९८० च्या जानेवारीत, एक्स-मेनच्या १२९ व्या अंकात ती पहिल्यांदा आली तेव्हा साडेतेरा वर्षांची होती. तिची शक्ती एकच: कुठल्याही घन वस्तूतून आरपार जाणं. भिंत, दार, तिजोरी, बंदुकीची गोळी, काहीही तिला अडवू शकत नाही. ‘मरॉडर्स’च्या सुरुवातीला तिच्याबरोबरचे गेटमधून आत जातात. केट पाऊल टाकते आणि धडकते. नाकातून रक्त येतं. जिला जगातली कुठलीच भिंत भिंत वाटत नाही, तिच्यासाठी नेमकं हेच दार बंद. का, ते हा अंक सांगत नाही. मग ती होडीने, समुद्रातून, क्राकोआला पोचते. तिथून पुढे ती जहाजाची कप्तान होते, आणि ज्या म्युटंटांना गेटपर्यंत पोचू दिलं जात नाही त्यांना सोडवून आणायचं काम तिच्याकडे येतं. सोबत स्टॉर्म, आइसमन, पायरो, बिशप. जगाच्या कायद्याने हे सगळे चाचे.

मी तयारी चांगली केली होती. माझा भर नावावर होता. ‘मरॉडर्स’ हे नाव मुळात खलनायकांच्या टोळीचं आहे. १९८६ च्या कथानकात त्या टोळीने भुयारांत राहणाऱ्या मॉर्लॉक म्युटंटांची कत्तल केली. त्याच वेळी टोळीतल्या एकाचा भाला लागून किटी अशी जखमी झाली की तिला पुन्हा घन होताच येईना. धुक्यासारखी नुसती तरंगत राहिली. तेहतीस वर्षांनी तीच मुलगी कप्तान होते आणि तिच्या जहाजाला, तिच्या माणसांना नाव पडतं तेच. मारेकऱ्यांचं नाव लांच्छन म्हणून न वागवता शिडावर चढवणं, यावर मला तासभर बोलता आलं असतं. दोन्ही कथानकांतल्या पानांच्या प्रती काढून टेबलावर ठेवल्या होत्या.

सुरुवात मात्र गेटच्या पानापासून झाली. चौदा वर्षांचा एक मुलगा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, नाक आपटणं गमतीचं आहे, आणि पुढे तीच सैनिकांच्या आरपार जाते ते भारी आहे. दुसरी एक जण म्हणाली, गेट बिघडलं असेल. तिसरा म्हणाला, ती अर्धीच म्युटंट असेल. पाच मिनिटं सगळे ‘का’च्या मागे लागले होते. गेट का उघडत नाही? मीही त्यांना अडवलं नाही, कारण प्रश्न चांगला वाटत होता.

टेबलाच्या कोपऱ्याशी आमची स्वयंसेवक बसली होती. सतरा वर्षांची, पुण्यात जन्मलेली, चौथ्या वर्षी इथे आलेली. खुर्च्या लावणं, खाऊ वाटणं, हजेरी घेणं ही तिची कामं. चर्चेत ती फारशी बोलत नसे. त्या दिवशी हात वर न करता बोलली.

“का, ते तीसुद्धा विचारत नाहीये. तुम्ही सगळे विचारताय. ती नाक पुसते आणि होडी शोधते.”

टेबल गप्प झालं. मी पान पुन्हा पाहिलं. हे पान मी कितीदा तरी वाचलं होतं, वर्गात शिकवलंही होतं, आणि दर वेळी गेटकडे बघितलं होतं. तिने मला गेटच्या अलीकडे बघायला लावलं.

“पुढे बोल,” मी म्हटलं.

ती प्रती पुढे ओढून बोलायला लागली, बोट ठेवून, सावकाश. गेट तिला काही विचारत नाही, म्हणाली. पहारेकरी असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. कागद दाखवता आले असते. इथे समोर कुणी नाहीच. बाकीचे हवेतून जावं तसे जातात, आणि त्यांना कळतही नाही की तिथे काही होतं. दार आहे हे फक्त जी धडकते तिलाच कळतं.

मग तिने यादीचं पान काढलं. या मालिकांमध्ये मधूनच चित्रांऐवजी नुसता मजकूर असलेली पानं येतात. केट बेटावर पोचल्यावर लोगन, म्हणजे वुल्व्हरीन, तिला सामानाची यादी देतो. बाहेर जाशील तेव्हा हे घेऊन ये. त्यात दारू आहेच. मुलं या पानावर नेहमी हसतात. लोगनचा तो स्वभावच. तेव्हाही हसली. ती म्हणाली, “मला हे पान सगळ्यात आवडतं. बाकी सगळे तिला ‘अरेरे’ म्हणतात. हा म्हणत नाही. हा तिला काम सांगतो.”

चौदा वर्षांच्या त्या मुलाला हे पटलं नाही. आत सुखात बसलेल्यांनी बाहेरच्याला हमालासारखं राबवायचं, यात चांगलं काय, असं त्याचं म्हणणं. चांगलीच जुंपली दोघांची. मला दोघांचंही पटत होतं, आणि अजूनही पटतं. यादी देणं म्हणजे तिला आपलं मानणं, की तिच्या अडचणीची सोय करून घेणं? त्या पानात दोन्ही आहे. पुढे एमा फ्रॉस्ट तिला जहाज देऊ करते तेव्हाही दोन्ही आहे. एमाही पहिल्यांदा आली ती त्याच १२९ व्या अंकात, किटीला आपल्या शाळेत ओढायला. तेव्हा शत्रू होती. चाळीस वर्षांनी ती तिला कप्तान करते, आणि त्यात माया किती न् व्यापार किती हे डगन शेवटपर्यंत पुरतं उलगडून सांगत नाही. मालिका चांगली आहे ती याचमुळे, असं माझं मत.

वाद निवला तेव्हा ती अगदी सहज बोलून गेली, “पण बघा ना. गेट तिला घेत नाही. आणि बाकीच्यांना गेटपर्यंत तीच नेते.”

मला एकदम मंगळवार आठवला.

आमच्या वाचनालयात मंगळवारी संध्याकाळी नागरिकत्व परीक्षेचा वर्ग चालतो. तेव्हा शंभर प्रश्नांची यादी असे. अधिकारी त्यातले दहापर्यंत विचारायचा, सहा बरोबर आले की पास. वर्गाला येणारे बहुतेक वयस्क. उच्चार करून घ्यायला, प्रश्नांची कार्डं धरून बसायला कुणीतरी लागतं. सप्टेंबरमध्ये मीच या मुलीला तिथे बसवलं होतं. इंग्रजी स्वच्छ, स्वभाव शांत, म्हणून. पेरूहून आलेले एक आजोबा तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे बसत नसत. घटनेत दुरुस्त्या किती, सिनेटर किती, स्वातंत्र्याचा जाहीरनामा कधी स्वीकारला गेला. ती विचारायची, ते सांगायचे, चुकले की ती कार्ड पुन्हा तळाशी सरकवायची. जानेवारीत ते पास झाले तेव्हा तिच्यासाठी केक घेऊन आले होते. आम्ही सगळ्यांनी फोटो काढला.

तिच्या स्वतःच्या कागदांबद्दल मी कधी विचारलं नव्हतं. विचारणं माझं कामही नव्हतं. पण मी याच देशात वीस वर्षं काढली आहेत, त्याच रांगेतून गेलेय. मला सुचायला हवं होतं.

१९८६ च्या कत्तलीची पानं तशीच राहिली. उरलेला वेळ मुलांनी तिच्या त्या वाक्यावर घालवला. केटच्या हातांकडेही तीच घेऊन गेली. दोन्ही हातांच्या बोटांवर मिळून आठ इंग्रजी अक्षरं गोंदलेली आहेत, ‘होल्ड फास्ट’. जुने खलाशी असं गोंदवून घेत. वादळात डोलकाठीवर चढल्यावर दोरावरची पकड सुटू नये म्हणून. जिच्या हातातून काहीही आरपार निसटू शकतं, तिने घट्ट धरून ठेव असं स्वतःच्या बोटांवर लिहावं. हे मात्र मी सांगितलं. तेवढंच माझ्या तयारीतलं उपयोगी पडलं.

साडेतीनला गट संपला. बाहेर बर्फाची भुरभुर होती. तिची आई न्यायला आली होती. मुलगी खुर्च्या उचलत होती तोवर आम्ही दोघी दाराशी उभ्या राहिलो.

“ताई, आज बोलली वाटतं,” आई म्हणाली. “चेहऱ्यावरून कळतंय.”

“खूप बोलली. आज आम्ही सगळ्यांनी तिचंच ऐकलं.”

आई थोडा वेळ पार्किंगकडे बघत राहिली. मग तिने आपणहून सांगितलं. नवऱ्याची ग्रीन कार्डची फाइल २०१५ पासून रांगेत आहे. कुठल्याही एका देशाच्या लोकांना वर्षाच्या एकूण कोट्यातला सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही, म्हणून भारतीयांची रांग हलत नाही. आणि मुलगी एकवीस वर्षांची झाली की कायद्याच्या लेखी मूल राहत नाही. आईवडिलांच्या व्हिसावर तिला राहता येणार नाही. विद्यार्थी म्हणून वेगळा व्हिसा काढायचा, पुढे स्वतःची नवी रांग लावायची, नाहीतर ज्या शहरातलं तिला काही आठवत नाही तिथे परत जायचं.

“धाकट्याला काहीच प्रश्न नाही. तो इथेच जन्मला,” ती म्हणाली. “दोघं एका खोलीत झोपतात हो.”

मला बोलता येईना. मी तिचा हात धरला. एका वकिलांच्या मोफत सल्ल्याची माहिती आमच्याकडे असते, ती दिली. ती तिच्याकडे आधीच होती.

एवढ्यात मुलगी आली. कोट चढवता चढवता मराठीत म्हणाली, “मावशी, पुढचे अंक आहेत का आपल्याकडे?” वाचनालयात ती मला इंग्रजीतच हाक मारते. बाहेरच्या दारात उभं राहिल्यावर मावशी.

पहिला खंड शेल्फवर होता, एक ते सहा अंकांचा. मी काढून दिला आणि देताना घोटाळ्यात पडले, कारण सहाव्या अंकात सेबॅस्टियन शॉ हा जुना खलनायक केटला समुद्रात बुडवतो. खंड तिथे संपतो. क्राकोआवर मेलेला म्युटंट पुन्हा जिवंत होऊ शकतो, पण केटच्या बाबतीत तेही सरळ होत नाही. तिथेही तिची वाट अडते. दुसरा खंड कुणीतरी नेलेला होता. ‘शेवटचं थांबून वाच’ असं काही म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. वाचणाऱ्याच्या पुढे धावून खड्डे दाखवायचे नाहीत, हे मी या टेबलावरच शिकलेय. दुसऱ्या खंडासाठी तिचं नाव लावलं, दुसऱ्या वाचनालयाची प्रत मागवली.

मंगळवारी ती वर्गाच्या अर्धा तास आधी आली. थेट माझ्या डेस्कशी. खंड छातीशी धरलेला.

“ती परत येते ना?”

“येते.”

“कधी?”

“अकराव्या अंकात.”

तिने मनात हिशेब केला. “म्हणजे पाच अंक.”

“ज्यांनी महिन्याच्या महिन्याला वाचलं त्यांना जास्त थांबावं लागलं,” मी सांगितलं. “सहावा २०२० च्या जानेवारीत आला. मग मार्चअखेर कोविडमुळे नव्या कॉमिक्सचं वितरणच बंद पडलं, जवळजवळ दोन महिने. कुठला अंक कधी येईल, कुणालाच सांगता येत नव्हतं. अकरावा हातात पडेपर्यंत उन्हाळा आला.”

“आणि तोपर्यंत जहाज?”

“चालू होतं. स्टॉर्म होती, बाकीचे होते.”

तिने मान हलवली, खंड परतीच्या पेटीत टाकला आणि वर्गाच्या खोलीकडे गेली. दाराशी घानाच्या एक बाई कार्डांचा गठ्ठा घेऊन आधीच येऊन थांबल्या होत्या.