मुसांझेतला शेवटचा शनिवार

आज महिन्याचा शेवटचा शनिवार, म्हणजे रवांडात उमुगांडा. सकाळी ८ ते ११ दुकानं आणि रस्ते जवळजवळ बंद. १८ ते ६५ वयाची धडधाकट माणसं गावकामाला. मी इथे गणित शिकवायला स्वयंसेवक म्हणून आलेय. शाळेत सगळे मला ‘टीचर’ म्हणतात, मान देतात, पण आपलं मानणं वेगळं. ते आज अनुभवलं.

आमच्या वाटेला आला उतारावरच्या रस्त्याकडेचा चर. पावसाने वाहून आलेली काळी, ज्वालामुखीची माती त्यात घट्ट बसलेली. शेजारच्या आजींनी माझ्या हातातली कुदळ काढून घेतली, दांड्यावरची पकड बदलून दाखवली आणि परत दिली. मग त्यांच्याच लयीत खणत राहिले. आपल्याकडचं श्रमदान आठवलं, फक्त इथे ते दर महिन्याला, न चुकता.

काम झाल्यावर तिथेच गवतावर सभा. पाणी, आरोग्य विमा, कुणाच्या घराचं छप्पर. भाषा अर्धीही कळली नाही, तरी मला मध्ये बसवून घेतलं. विद्यार्थ्यांच्या आयांशी पहिल्यांदाच नीट ओळख झाली. एकीने उद्या जेवायला बोलावलंय, बटाटे आणि राजमा. जाणारच!