मेडिक्लेम काढला म्हणजे विश्वास कमी झाला का?

आमच्या मंडळीतल्या एका तरुणाने उपासनेनंतर मला विचारलं, “ताई, देवावर भरवसा आहे तर मेडिक्लेम कशाला?” त्याचं लग्न ठरलंय, घर मांडायचंय, त्यामुळे प्रश्न मनापासूनचा होता. चर्चच्या दारात, निघायच्या घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

मला याबाबतीत बायबलमधला नहेम्या फार जवळचा वाटतो. तो पारसच्या राजाच्या पदरी चाकरीला असलेला यहुदी. यरुशलेमेचा कोट, म्हणजे शहराची तटबंदी, पडलाय हे त्याला किसलेव या यहुदी महिन्यात कळलं. तो रडला, उपास केला, प्रार्थना करत राहिला. राजापुढे विषय निघाला तो थेट नीसान महिन्यात, म्हणजे चारेक महिन्यांनी. राजाने विचारलं, तुला काय हवंय? त्याने मनातल्या मनात देवाचा धावा केला आणि लगेच मागण्या मांडल्या. परत यायची मुदत सांगितली, वाटेतल्या सुभेदारांसाठी पत्रं मागितली, दरवाजांच्या तुळयांसाठी लाकूड मागितलं. लाकूड कोणाकडून, तर राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्याकडून. नावासकट! हे काही उभ्या उभ्या सुचत नाही. मला तर वाटतं, गुडघे टेकले होते त्याच महिन्यांत त्याने हा सगळा हिशेबही मांडला होता. पुढे शत्रू चालून यायची भाषा करू लागले, तेव्हा लोकांनी प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. ५२ दिवसांत कोट पुरा झाला.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, ‘अमक्या शहरात जाऊ, व्यापार करू, नफा मिळवू’ म्हणणाऱ्या व्यापाऱ्यांची कानउघाडणी आहे, तीही मला मान्य आहे. पण ती बेत आखण्याबद्दल नाही. उद्याचा दिवस आपल्या मालकीचा असल्यासारखं बोलण्याबद्दल आहे. प्रेषित पौलाला बिथुनिया प्रांतात जायचं होतं, पवित्र आत्म्याने जाऊ दिलं नाही. तो त्रोवस बंदराला उतरला आणि तिथून मासेदोनियाला गेला. बेत होता म्हणूनच तो वाटेवर होता.

आमचंही तसंच झालं. कळव्याची भाड्याची जागा सोडून ऐरोलीत स्वतःचा फ्लॅट घ्यायचा, असं आम्ही ठरवलं होतं. ह्यांचं ऑफिस तिकडेच, रोजची लोकल वाचली असती. पगार झाला की आधी दशांशाचं, म्हणजे देवाला द्यायच्या दहाव्या हिश्शाचं पाकीट, मग घरखर्च आणि मग फ्लॅटचे पैसे, अशी माझ्या वहीत पानं आखलेली असत. आणि नगरहून फोन आला, सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता. त्यांच्या नावावर कसलीच पॉलिसी नव्हती. फ्लॅटचे पैसे हॉस्पिटल, औषधं आणि फिजिओथेरपीत गेले. तेव्हा मी खूप रडले, पण कोणापुढे हात पसरावा लागला नाही. ज्या पैशांना मी फ्लॅटचं नाव दिलं होतं, ते प्रभूने आईंसाठी साठवून घेतले होते, असं मी आज मनापासून मानते.

म्हणून त्या मुलाला माझं सांगणं आहे, बाबा, लग्नाआधी पॉलिसी काढ. होणाऱ्या बायकोला शेजारी बसवून फॉर्म वाच, आधीच्या आजारांसाठी किती वर्षं थांबावं लागतं ते बघ, आणि दोघं मिळून प्रार्थना करून सही कर. हप्ता भरलास म्हणून देवावरचं ओझं हलकं होत नाही आणि तुझी प्रार्थनाही थांबत नाही.

आई आता आमच्याकडेच असतात, काठी घेऊन घरात चालतात. ऐरोलीचा विषय आम्ही पुन्हा काढलाय. रात्रीच्या प्रार्थनेत त्यासाठी मागतो, आणि वहीत पहिली अट लिहून ठेवलीय: इमारतीला लिफ्ट हवी.