डबा, पत्रक आणि वहीतले चार रकाने

सोमवार, 16 जून 2025

आज शाळा उघडल्या. पुण्यात घरगुती डब्याच्या धंद्याचं नवं वर्ष गुढीपाडव्याला नाही, इथून लागतं. मे महिन्यात नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रस्ता इथली स्पर्धा परीक्षांची बरीच पोरं गावी जातात, कॉट बेसिस खोल्या रिकाम्या होतात. जून-जुलैत नवी पोरं येतात आणि पहिल्या आठवड्यातच डबा कुठे लावायचा ते ठरवून टाकतात. ज्याचा नंबर त्या आठवड्यात त्यांच्या हातात पडला, त्याचं वर्ष बरं जातं.

जाहिरातीला हाताशी तीन हजार असतील, तर ते रुपयांत मोजू नयेत, डब्यांत मोजावेत. साधा डबा घेऊ: चार पोळ्या, सुकी भाजी 100 ग्रॅम, उसळ किंवा आमटी 150 मिली, शिजलेला भात 150 ग्रॅम, चमचाभर चटणी. समजा किराणा-भाजी-तेल 38 रुपये, गॅस 4, पॅकिंग 5, पोचवायचे 10. झाले 57. डबा 80 ला दिला तर हातात 23 उरतात. यात करणारीची मजुरी धरलेली नाही. बहुतेक वह्यांत ती धरलेलीच नसते आणि तरी ‘नफा’ लिहिलेला असतो. महिन्याचे 26 डबे धरले तर एका गिऱ्हाइकामागे 598 रुपये. आता हजार पत्रकं छापून पेपरात टाकायला 1800 गेले असं धरा. म्हणजे 78 डब्यांची कमाई गेली, म्हणजेच महिनाभर टिकणारी तीन गिऱ्हाइकं यायला हवीत, तेव्हा कुठे बरोबरी. फोन तीस आले की माणूस खूश होतो, पण मोजायचे महिना पुरा करणारे.

याच आकड्यावर जेवण पोचवणाऱ्या ॲपवाल्यांचाही निकाल लागतो. समजा त्यांनी 25 टक्के कापले, तर 80 मधले 20 गेले आणि उरले 3. पोचवायचे 10 वाचले असं धरलं तरी 13. ॲपवर जायचंच तर वेगळ्या किमतीचा वेगळा पदार्थ टाकावा, रोजचा डबा नको.

गॅसचे 4 रुपये लिहिताना आणखी एक. 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. दर ठरवताना घरगुती सिलिंडरचा हिशोब धरला, की पुढे खरा सिलिंडर आणायच्या दिवशी डबा तोट्यात जातो.

मंगळवार, 17 जून

पत्रकाचा मजकूर. दहातल्या नऊ पत्रकांवर ‘घरगुती, स्वच्छ व चविष्ट’ असं असतं. वाचणारा ते वाचतच नाही. अस्वच्छ आणि बेचव असं कोण छापणार? त्यापेक्षा माणूस फोन करून जे विचारतो तेच छापावं: काय मिळेल, कितीला, किती वाजता, कुठपर्यंत, सुट्टी घेतली तर काय. असं:

‘4 पोळ्या, 1 सुकी भाजी, उसळ/आमटी, भात, चटणी. 80 रुपये. महिन्याचे 26 डबे 2,000 रुपये. दुपारी 12.15 पर्यंत हातात. नवी पेठ, लोकमान्यनगर, सदाशिव पेठ. आदल्या रात्री 9 पर्यंत कळवल्यास त्या डब्याचे पैसे धरले जाणार नाहीत (महिन्यात 4 खाडे). उद्याचा मेनू रोज व्हॉट्सॲपवर.’

26 डबे 80 ने 2,080 होतात. 80 रुपये सोडून 2,000 केले, एवढीच सूट पुरे. खाली मोठा नंबर आणि अन्न परवान्याचा 14 आकडी नोंदणी क्रमांक. लहान धंद्याची ही नोंदणी फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर होते, फी वर्षाला 100 रुपये. इतक्या स्वस्तात इतका भरवसा देणारी दुसरी गोष्ट नाही. तरी लोक ती छापत नाहीत, कारण केलेलीच नसते.

ए-फाइव्ह आकार, एका बाजूला, एका रंगात, पिवळ्या नाहीतर फिक्या हिरव्या कागदावर. चार रंगांत थाळीचा फोटो छापण्यात पैसे घालवू नयेत. स्वस्त कागदावर आमटी चिखलासारखी दिसते. हजार एकदम छापून एकदम वाटणं हीही चूकच. 250-250 चे चार गठ्ठे करावेत आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षर टाकावं. ‘अ’ पेपरात, ‘ब’ अभ्यासिकांच्या दाराशी, ‘क’ झेरॉक्स आणि स्टेशनरीच्या दुकानात, ‘ड’ सोसायट्यांच्या सूचना फलकावर, तेही सेक्रेटरींना विचारून. फोन आला की पहिला प्रश्न: ‘पत्रकावर कोपऱ्यात कुठलं अक्षर आहे हो?’

वहीत चार रकाने: तारीख, कुठून कळलं, चव डबा (महिना लावण्याआधी चाखून बघायचा) घेतला का, महिना लावला का. महिन्याने वही उघडली की कोणता गठ्ठा पुन्हा छापायचा ते आपोआप कळतं. पेपरात रविवारी टाकू नये. पुरवण्या आणि इतर पत्रकांच्या ढिगात आपलं पत्रक थेट रद्दीत जातं. मधला वार बरा. आणि वाटप दीड-दोन किलोमीटरच्या आतच. पाच किलोमीटरवरून आलेलं गिऱ्हाईक बरं वाटतं, पण त्या एका डब्यासाठी 12.15 चे सगळे डबे पाऊणला पोचतात आणि जवळचे तीन जण सोडून जातात.

बुधवार, 18 जून

व्हॉट्सॲपबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ब्रॉडकास्ट यादीत 256 नंबर टाकले म्हणजे 256 जणांना मेनू गेला, असं नाही. ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो पोचतो. स्टेटसचंही तेच. म्हणून पहिल्या डब्यावर रबरात अडकवलेली चिठ्ठी हवी: ‘उद्याचा मेनू रोज हवा असेल तर हा नंबर सेव्ह करा.’ नंबर सेव्ह करून घेणं हे या धंद्यातलं अर्धं मार्केटिंग आहे आणि त्याला चिठ्ठीच्या कागदाइतकाच खर्च येतो. ओळख नसलेल्यांना धडाधड मेसेज टाकले तर चार जण रिपोर्ट करतात आणि नंबरच बंद पडतो. सगळे गिऱ्हाईक त्या एकाच नंबरावर असतात, तेव्हा ही जोखीम घेऊ नये.

बिझनेस ॲप वेगळं घ्यावं, फुकट आहे. त्यात लेबलं करता येतात: ‘चव डबा’, ‘महिना’, ‘खाडा’, ‘पैसे बाकी’. ‘क्विक रिप्लाय’मध्ये दर, वेळ आणि भाग साठवून ठेवला की फोडणी देता देता उत्तर जातं.

मेनू टाकायची वेळ संध्याकाळी सात ते आठ, ऑर्डर रात्री नऊपर्यंत. सकाळी टाकलेला मेनू वाचणाऱ्याला सोयीचा असतो, करणारीला नाही. मटकी आठ-दहा तास भिजते, मग फडक्यात बांधून मोड यायला आणखी बारा तास. म्हणजे शुक्रवारची मटकी बुधवारी रात्रीच ठरलेली असते. कणकेचंही गणित आदल्या रात्रीचं. किलोभर कणकेचा साधारण दीड किलो गोळा होतो, 40 ग्रॅमच्या लाटीने 38 च्या आसपास पोळ्या. दहा डबे वाढले तर किलोभर पीठ जादा, आणि लाटायला-भाजायला पाऊण तास जादा. हा पाऊण तास कुठून येणार हे ठरवल्याशिवाय पत्रकाचा पुढचा गठ्ठा बाहेर काढू नये. जाहिरात चालली आणि स्वयंपाकघर अडकलं, की लोकांना जाहिरात नाही, उशीर आठवतो.

फोटो रोज एकच, खऱ्या डब्याचा. नेटवरून उचललेली थाळी टाकली की पहिल्याच दिवशी तुलना होते. साडेदहा-अकराला खिडकीजवळ, ट्यूबलाइट बंद करून. ट्यूबखाली वरण हिरवट दिसतं. स्टीलच्या डब्यात आपलाच हात आणि मोबाइल उमटतो, तेव्हा मोबाइल सरळ वर न धरता जरा तिरका धरावा आणि समोर पांढरा पंचा धरावा, चकाकी मरते. झाकण काढल्याबरोबर क्लिक करू नये, वाफेने लेन्स धुरकटते. कोथिंबीर अगदी शेवटी.

गुरुवार, 19 जून

गूगलवर धंद्याची नोंद फुकट होते. घरचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा भाग दाखवता येतो; पडताळणीला बहुधा व्हिडिओ मागतात. अभिप्राय तिसऱ्या डब्यानंतर मागावा, त्याबदल्यात सूट देऊ नये, गूगलच्या नियमात ते बसत नाही.

उद्या पालख्या पुण्यात. संध्याकाळी लक्ष्मी रस्ता बंद, अलका चौकात पाय ठेवायला जागा नसते. रात्रीचे डबे दुपारीच नेता येतील का, हे आजच विचारून ठेवावं. असा मेसेज आदल्या दिवशी गेला की तीच जाहिरात होते.

शुक्रवार, 20 जून

फुकट चव डबा द्यावा का? सरसकट देऊ नये. फुकटात 57 रुपये जातात आणि खाणारा पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचा फुकट डबा खात असतो. सलग दोन दिवसांचा चव डबा 160 रुपयांना द्यावा, आणि आठवडाभरात महिना लावला तर त्यातले 80 वळते करून घ्यावेत. दोन दिवस यासाठी की एका दिवसाची भाजी नावडती निघू शकते. फुकट द्यायचंच तर अभ्यासिकेच्या मालकाला, झेरॉक्सवाल्याला, मुलींच्या होस्टेलच्या काकूंना द्यावं. नवीन पोर आल्या आल्या ‘इथे डबा कुठे मिळेल?’ हे यांनाच विचारतं. असे पाच डबे म्हणजे 285 रुपये, आणि अडीचशे पत्रकांपेक्षा ते जास्त बोलतात.

खरी जाहिरात झाकण उघडताना होते. आमटी उकळती भरून झाकण दाबलं की आत वाफ कोंडते, झाकण उचकटतं आणि पिशवी पिवळी होते. बोटभर जागा सोडून भरायची, पाचेक मिनिटं झाकण नुसतं वर ठेवायचं, मग दाबायचं. पोळ्या तव्यावरून थेट डब्यात रचल्या तर खालच्या दोन ओल्या होतात. जाळीवर वाफ जाऊ द्यावी, मग फडक्यात किंवा कागदात गुंडाळाव्यात. कोशिंबिरीत मीठ भरतानाच, आधी नाही, नाहीतर काकडी पाणी सोडते. तक्रार आली तर ‘असं होणार नाही’ म्हणू नये, दुसऱ्या दिवशीच्या डब्यात एक पोळी जास्त ठेवावी.

रविवार, 22 जून

पैसे आगाऊ घ्यायचे की महिन्याच्या शेवटी? ओळखीच्या माणसाकडे ॲडव्हान्स मागायला जीभ रेटत नाही, हे खरं. पण मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांची कोंडी इथेच झाली होती. गिरणी कामगार पगार झाल्यावर पैसे द्यायचा, किराणा मात्र रोज लागायचा, मग वाणी आणि सावकार. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायांसाठी, आणि आधी हात घातला तो बँकेच्या कर्जाला. त्या बायांना गिऱ्हाईक शोधायची अडचण नव्हती, गिऱ्हाईक चाळीतच होतं. अडचण उधारीची होती.

म्हणून निम्मे 1 तारखेला, निम्मे 15 ला. दोन्ही वेळा पैसे खात्यात जमा झालेले स्वतः बघावेत, गिऱ्हाइकाच्या मोबाइलचा स्क्रीनशॉट बघून मान डोलावू नये.

पुढचं पंचांग. 6 जुलैला आषाढी, रविवार आहे. उपवासाचा डबा वेगळा जाहीर करायचा: साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. साबुदाणा रात्रीच भिजवायचा, म्हणून ऑर्डर शनिवारी सहापर्यंतच. एरवी डबा न लावणाऱ्या घरांतूनही त्या दिवशी फोन येतात, त्यांचे नंबर वहीत वेगळे. तिथून चातुर्मास, कांदा-लसूण न खाणारे किती ते आताच विचारून ठेवलं तर त्यांचा घाणा वेगळा टाकता येईल. पाचाच्या खाली असतील तर परवडत नाही, स्पष्ट नाही सांगावं. 25 जुलैला श्रावण. 27 ऑगस्टला गणपती, तेव्हा पोरं पुन्हा गावी.

उद्यासाठी: ‘ब’ गठ्ठ्यातली उरलेली पत्रकं शास्त्री रस्त्यावर. फ्लॉवर-बटाटा, तुरीची आमटी. मंगळवारची मटकी आज रात्री भिजत घालायची.