पोस्ट पब्लिक आहे, म्हणून उतरवून घेऊ का?

नवी मुंबईच्या विमानतळासाठी उठलेल्या गावांवर काम करणारे विद्यार्थी आणि हौशी संग्राहक हे हमखास विचारतात. तरघर, कोंबडभुजे, चिंचपाड्याच्या जुन्या घरांचे, हळदीचे फोटो लोकांनी फेसबुकवर टाकलेत. अकाउंट बंद झालं की ते जातील. मग सरळ उतरवून ठेवले तर बिघडलं काय?

जातील हे खरंच. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. तेव्हा जतन कराच. फक्त काय घ्यायचं आणि ते कोणाला उघडता येईल, हे उतरवण्याआधी एका कागदावर लिहा: विषय, तारखांची हद्द, कोणती पेजेस, फाइल कोणाकडे राहणार, कधी पुसणार. नंतर ठरवू म्हटलं की ते कधीच ठरत नाही.

कायद्याचं थोडक्यात. माणसाने स्वतःहून जाहीर केलेली स्वतःची माहिती २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. पण पुतण्याने टाकलेला काकूंचा फोटो काकूंनी जाहीर केलेला नाही. शिवाय फोटोचा कॉपीराइट सहसा काढणाऱ्याकडे असतो. १९५७ च्या कायद्यात संशोधनापुरत्या वाजवी वापराला मुभा आहे, म्हणून तो प्रदर्शनात लावता येतो असं नाही.

मनपाची किंवा आमदारांची अधिकृत पोस्ट विचारल्याशिवाय घ्या. घरगुती पोस्टसाठी साधा मेसेज पुरतो: ‘दादा, तुमचा वाड्याचा फोटो गावाच्या संग्रहात ठेवायचा आहे. नाव घालू का? नंतर नको वाटलं तर सांगा, काढून टाकू.’ उत्तर आलं नाही तर तो होकार धरू नका. पेजवाल्याने हो म्हटलं तरी खाली कमेंट करणाऱ्यांनी म्हटलेलं नसतं, आणि सातबारा, मोबदला, भाऊबंदकी हे सगळं कमेंटमध्येच असतं. अठरा वर्षांखालचं मूल दिसत असेल तर पालकांना विचारा.

आता उतरवणं. नुसता स्क्रीनशॉट कच्चा पुरावा. त्यात लिंक नसते, आणि तारखेच्या जागी ‘३ तास’ एवढंच असतं. आर्काइव्हवेब.पेज हे ब्राउझरचं मोफत एक्स्टेन्शन तुम्ही उघडाल ते सगळं पान जसंच्या तसं नोंदवतं. फेसबुक कमेंट्स ‘सर्वात समर्पक’ अशा गाळून दाखवतं, म्हणून ‘सर्व कमेंट्स’ निवडा, प्रत्येक उत्तर उलगडा, व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. जे उघडलं नाही ते फाइलमध्ये येत नाही, आणि हे बहुतेकांना सहा महिन्यांनी कळतं. लॉगिन करून नोंदवलेल्या फाइलमध्ये तुमची नोटिफिकेशन्स आणि लॉगिनची खूणही जाऊ शकते. ती फाइल कोणाला देऊ नका.

वेळेची गोची वेगळीच. जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनच्या लिंकमधले चौदा आकडे जागतिक प्रमाणवेळेचे असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून २४ जून २०२१ ला बेलापूरला सिडकोवर मोर्चा गेला. समजा २५ च्या मध्यरात्रीनंतर एक वाजता एखादं पान जतन झालं. लिंकमध्ये २०२१०६२४१९३००० दिसेल, आणि वाचणारा ते २४ च्या संध्याकाळचं समजेल. जागतिक आणि भारतीय, दोन्ही वेळा नोंदवा.

अशा आंदोलनाच्या फोटोंत चेहरे असतात, आणि आंदोलकांवरचे खटले वर्षानुवर्षं चालतात. दाखवायच्या प्रतीत चेहऱ्यावर भरीव काळा चौकोन द्या. धूसर केलेलं कधीकधी पुन्हा ओळखता येतं. नाव गाळून आगरी बोलीतलं वाक्य जसंच्या तसं छापलंत, तर तेच वाक्य सर्चमध्ये टाकून माणूस सापडतो. आशय आपल्या शब्दांत लिहा.

फेसबुक फोटो दाबून लहान करतं आणि कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख काढून टाकतं, म्हणून मालकाकडून मूळ फाइल मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर ती फोटो म्हणून आली तर तेच होतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आल्याबरोबर तिचा शा-२५६ आकडा, म्हणजे फाइलचा जणू बोटाचा ठसा, काढून वहीत लिहा. विंडोजवर सर्टयुटिल ही कमांड हे काम करते. पुढे एक बिट जरी बदलला तरी आकडा जुळणार नाही. प्रती तीन, माध्यमं दोन, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. दोन्ही हार्ड डिस्क वाशीच्या एकाच कपाटात असतील तर ती एकच प्रत समजा.

कोणी ‘काढा’ म्हटलं तर तिन्ही ठिकाणची प्रत काढायची, दुसऱ्या गावातली विसरते हे ठरलेलं. वहीत एवढंच ठेवा: नोंद क्रमांक, काढल्याची तारीख, ‘मालकाच्या विनंतीवरून’. नाव नको.